राणीच्या घरातला लाहोरी मोर

साउथॅम्प्टनहून सुटलेली मोठी फेरीबोट साधारण तासाभरात आइल ऑफ वाइट बेटावरच्या ईस्ट काउझला लागते. मे महिन्यातल्या एका शनिवारी मी त्या बोटीने निघाले, तेव्हा माझ्यासोबत मुंबईहून आलेली मावशी होती. ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली आणि पुढे गिरगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली, त्यामुळे तिच्यासोबत जुनी वास्तू पाहायची म्हणजे प्रत्येक भिंतीपाशी थांबायचे, हे मी धरूनच चालले होते. व्हिक्टोरिया राणीचे ऑस्बोर्न हाउस मला तिला दाखवायचे होते ते बागा आणि समुद्र यांसाठी. तिला मात्र तिथे ओढ होती ती लॉकवूड किपलिंग यांच्यामुळे. हे गृहस्थ 1865 ते 1875 अशी दहा वर्षे जे. जे. मध्ये शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची दगडी शिल्पे त्यांचीच, आणि त्याच बाजारात मावशी आयुष्यभर आंबे घ्यायला जात आली आहे.

राणी आणि तिचा पती आल्बर्ट यांनी ही मालमत्ता 1845 मध्ये खरेदी केली, जुने घर पाडले आणि थॉमस क्यूबिट या बांधकाम व्यावसायिकाला हाताशी धरून 1851 पर्यंत इटालियन धाटणीचा हा प्रासाद उभा केला. इथला समुद्र पाहून आल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण होई, त्यामुळे घरानेही इटालियन वेश घेतला. लांबून पाहिले तर सगळे बांधकाम दगडी वाटते. मावशीने गच्चीवरच्या कठड्याजवळ जाऊन बोटांनी दोनदा ठोकून पाहिले आणि म्हणाली, "अगं, हा दगड नव्हे. विटांवर सिमेंटचा गिलावा केलाय आणि दगडासारख्या रेघा मारल्यात." ते खरेच होते.

आतली दालने आम्ही भराभर पाहिली. राणीच्या बैठकीत नवराबायकोची दोन लिहायची मेजे शेजारी शेजारी आहेत, ती मला आवडली. राजपुत्रांच्या आणि राजकन्यांच्या तान्हेपणीच्या हातापायांच्या संगमरवरी प्रतिकृती मात्र मला पाहवेनात. ज्या शयनगृहात 22 जानेवारी 1901 रोजी राणीचे निधन झाले, तिथे लोक आपोआप हळू बोलत होते.

दरबार कॉरिडॉरमध्ये आल्यावर मावशीची चाल मंदावली. रुडॉल्फ स्वोबोडा या ऑस्ट्रियन चित्रकाराकडून राणीने हिंदुस्थानातल्या माणसांची चित्रे काढवून घेतली होती. ती आकाराने लहान आहेत आणि त्यांत राजेरजवाड्यांपेक्षा विणकर, शिपाई, कारागीर अशी साधी माणसे अधिक भेटतात. त्यांतले बक्षीराम कुंभार 1886 च्या लंडनमधील वसाहती प्रदर्शनात चाकावर भांडी घडवून दाखवत असत, आणि त्यांचे वय तेव्हा शंभरीच्या पुढे सांगितले जाई. प्रदर्शनात आणलेले हे कारागीर मूळचे आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते, ही गोष्ट कळल्यावर त्या पांढऱ्या दाढीकडे पाहण्याची आपली नजर बदलते. मावशी त्या चित्रासमोर इतका वेळ उभी राहिली की मागची मंडळी वळसा घालून पुढे गेली.

मेजवान्यांसाठीचा दरबार हॉल 1890–91 मध्ये बांधला गेला. लॉकवूड किपलिंग तेव्हा लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख होते; त्यांनी या कामासाठी आपले शिष्य भाई राम सिंग यांना इंग्लंडला पाठवले. सुतारकामाची परंपरा हाडीमांसी असलेल्या या कलावंताने भिंती, छत, कमानी असे सारे काही पांढऱ्या प्लास्टरच्या नक्षीने भरून टाकले. या नक्षीत गणपती आहे, आणि शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला एक मोर आहे. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवलेल्या सम्राज्ञीने हिंदुस्थानच आपल्या जेवणघरात मागवून घेतला, असे मला ते पाहून वाटले.

राणीला सम्राज्ञी म्हणून जाहीर करणाऱ्या 1877 च्या दिल्ली दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातांनी कातलेल्या सुताच्या खादीचा वेश करून गेले होते. तेव्हा दख्खनेत दुष्काळ होता. त्या शुभ्र छताखाली उभे असताना मला तो खादीचा पोशाख आठवला आणि तो तिथे कुठेच नाही, याचे थोडे वाईटही वाटले.

बागेतून खाली चालत गेल्यावर राजघराण्यातल्या मुलांसाठी 1854 मध्ये पूर्ण झालेले स्विस कॉटेज लागते. मुलांनी आपापल्या वाफ्यांत भाजी पिकवायची, आल्बर्टने ती बाजारभावाने विकत घ्यायची, आणि कॉटेजमधल्या छोट्या चुलीवर केक करून आईवडिलांना चहाला बोलवायचे, अशी तिथली रीत होती. याच मुलांपैकी आर्थर पुढे मुंबई सैन्याचा सरसेनापती होऊन पुण्यात राहिला, हे ऐकताच मावशीने त्या बालवयातल्या ढकलगाड्यांकडे जरा आपुलकीने पाहिले.

साडेतीनला आमचे चहाचे टेबल होते. दुपारच्या चहाची प्रथा 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसने सुरू केल्याचे सांगतात, आणि ही बाई व्हिक्टोरियाच्याच परिवारात होती. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकांवर सर्रास छापला जाणारा 'हाय टी' ही वेगळी गोष्ट आहे. ते इथल्या कष्टकरी घरातले संध्याकाळचे पोटभर जेवण. आमच्यासमोर तीन मजली तबक आले: खाली काकडीचे सँडविच, मध्ये स्कोन नावाचे कोमट, छोटे गोल पाव, वर व्हिक्टोरिया स्पंज केकचे तुकडे. स्कोनवर आधी क्रीम लावावे की जॅम, यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉल यांचे हाडवैर आहे. क्लॉटेड क्रीम चाखल्यावर मावशीने त्या वादात पडायचे नाकारले. "ही तर साय आहे," ती म्हणाली, "आणि साय नुसतीच खायची असते." चहा मात्र तिला पुचाट वाटला; तिने दुसऱ्या किटलीत आणखी एक पुडी टाकून मागितली.

केकचा शेवटचा तुकडा माझ्याकडे सरकवून ती उठली आणि म्हणाली, "बंद व्हायच्या आत परत वर जाऊ या." दरबार हॉलमध्ये तेव्हा फारसे कोणी उरले नव्हते. सकाळी मोराने तिचे लक्ष वेधले होते. आता ती भिंतीवरची एकच वेल बोटाने हवेत गिरवत मोजत होती. साच्यातून काढलेले काम कुठून कुठे पुन्हा येते, हे तिला हवे होते. सातव्या फुलापाशी वेल पुन्हा पहिल्यासारखी वळली, तेव्हा तिने पर्समधून पेन्सिल काढून फेरीच्या तिकिटामागे ती सात फुले उतरवून घ्यायला सुरुवात केली. दारातल्या रखवालदार बाईंनी घड्याळाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि आधी पलीकडच्या दालनाचे दिवे मालवायला गेल्या.