आमच्या टेकडीवर वार्डसभा

रविवारी सकाळी पोदेर पाव देऊन गेला आणि पाठोपाठ दारात ती, आमच्या वार्डातून पालिकेला उभी राहिलेली उमेदवार. सोबत तिची पुतणी, हातात एक पिशवी, बस. आईला म्हणाली, काकी, मताचं नंतर बोलू, आधी खालच्या पायऱ्या मोजायच्यात, टेपचं एक टोक धरायला कोणी येईल का. मग मीच गेलो, चप्पल घालून.

मी गोव्यातल्या वास्कोचा, मांगोर हिल या टेकडीवर वाढलो. बाबा वेंगुर्ल्याहून बंदरावर कामाला आले, शेजारचे बागलकोटचे, त्यांच्या खाली आंध्रातलं कुटुंब, वळणावर पिढ्यान्पिढ्या इथलंच असलेलं एक कॅथलिक घर, बंदर, रेल्वे, नेव्ही आणि शिपयार्डमुळे चारी बाजूंनी माणसं इथं आली आणि इथलीच झाली. तरी भांडण झालं की भायले, म्हणजे बाहेरचे, हा शब्द येतोच, आणि तो ऐकून मोठं झालेल्या मुलांना तो किती लागतो हे मला माहीत आहे कारण मीही ऐकलाय.

जून २०२० मध्ये कोविडचा गोव्यातला पहिला कंटेनमेंट झोन आमची ही टेकडी होती. तेव्हा मांगोर नाव सांगितलं की लोक दोन पावलं मागं सरायचे. त्या दिवसांत हीच बाई वहीत घरागणिक लिहून ठेवायची, कोणाला शुगरची गोळी, कोणाच्या घरात तान्हं बाळ, कोणाशी कानडीत बोलायचं, कोणाशी हिंदीत, आणि रात्री अकरापर्यंत फोन करत बसायची. तेव्हा ती कोणत्याच पॅनलमध्ये नव्हती, निवडणुकीचा विषयही नव्हता, म्हणून आज ती शब्द देते तेव्हा मी तो खरा धरतो.

तिच्या प्रचाराच्या कागदावर एका बाजूला मराठी आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी, दुसऱ्या बाजूला कानडी आणि हिंदी. गटारं पावसाच्या आधी साफ, ओला-सुका कचरा वेगळा, पायऱ्यांना कठडा हे सगळं आहेच, पण मला सगळ्यात मोठी वाटली ती पहिली ओळ, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वार्डसभा.

हे का मोठं ते सांगतो. गोव्यात गावाला ग्रामसभा आहे, रविवारी लोक जातात, मेगा प्रोजेक्टवर, डोंगर कापण्यावर तावातावानं बोलतात, पंचाला उत्तर द्यावं लागतं. शहरात राहणाऱ्याला असं काहीच नाही. घटनेत वार्ड कमिटी सक्तीची आहे ती ३ लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना, आणि गोव्यातलं एकही शहर तेवढं मोठं नाही. म्हणजे पंचायतीत राहणाऱ्या माझ्या मावशीला जो माइक मिळतो तो मला वास्कोत मिळत नाही, आणि ज्याला मराठी कोंकणी धड येत नाही त्या शेजाऱ्याला तर अजिबातच नाही. ही उमेदवार म्हणाली, कायद्यानं सांगितलं नाही म्हणून आपण बसायचं नाही असं थोडंच आहे, भाषांतराला माणूस मी बसवीन.

नळाच्या पाण्याचं विचारलं तर सरळ म्हणाली, ते पालिकेच्या हातात नाही, सरकारी खात्याचं काम आहे, मी आणून देते म्हटलं तर ते खोटं होईल, पण अर्ज लिहून तुमच्याबरोबर ऑफिसात येईन. हे ऐकून माझ्या मनात जी थोडी शंका होती तीही गेली.

आणखी एक. वास्को जिच्यात येतं त्या मुरगाव पालिकेचे २५ वार्ड, बायकांना एक तृतीयांश राखीव असायलाच हवेत, आणि २०२१ ला त्या राखीव वार्डांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, मग एप्रिलमध्ये मतदान झालं. एवढं भांडून मिळालेल्या जागेवर पुष्कळ ठिकाणी फलकावर बाईचा फोटो आणि दारात मात्र नवरा बोलायला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ही स्वतः येते, स्वतः बोलते, चुकली तर स्वतः चुकले म्हणते.

पायऱ्या निघाल्या ६४. चाळिसाव्या पायरीशी बागलकोटच्या अक्का थांबून म्हणाल्या, इथंच मी पावसात पडले होते, ही जागा आधी लिही. तिनं तिथं खडूनं खूण केली आणि वहीत कानडीत लिहून घेतलं, म्हणजे अक्कांना वाचता येईल. आई वरून ओरडली, बाय, जिखलें तरी यो आनी हारलें तरी यो, चा पियेवपाक. ती हसली आणि म्हणाली सभा निकालाची वाट बघणार नाही.

तर येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता पायऱ्यांच्या खाली पहिली बैठक आहे. खुर्च्या मी आणतोय, वरच्या आळीतल्या कोणी दोन चटया आणल्या तर बरं होईल, आणि तेलुगू बोलणारं एक माणूस अजून हवंय.