पाचूची अंगठी : आधी रिपोर्ट, मग कोंदण

माझ्या मुलीचा वाढदिवस १८ मे रोजी असतो आणि त्या दिवसासाठी करायला टाकलेली पाचूची अंगठी तिच्या बोटात २९ जूनला गेली. मधले सहा आठवडे एका कागदापायी गेले. त्याचा त्रास अजून मनातून उतरलेला नाही. मे महिन्यात जन्मलेल्या आपल्या माणसासाठी हा खडा घेऊ पाहणाऱ्यांना तरी तो होऊ नये, म्हणून झाले ते सविस्तर लिहीत आहे.

महिन्यानुसार जन्मरत्न ठरवण्याची आज सर्वत्र दिसणारी यादी अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ साली निश्चित केली. तिच्यात मे महिन्याला पाचू आहे. आपल्याकडे खडा महिन्यावरून नव्हे, तर ग्रहावरून ठरतो आणि पाचू हे बुधाचे रत्न. त्यामुळे आमच्या नाशिकच्या सराफ बाजारातल्या पहिल्याच पेढीवर मला प्रश्न आला, "ताई, पत्रिका आणली आहे का?" खडा करंगळीत घालायचा, अमुक रत्तींपेक्षा कमी नको, असे बोलणे सुरू झाले. आम्हाला केवळ दागिना हवा होता आणि तोही अनामिकेत. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे, म्हणजे बराच वेळ वाचतो. वजनही कॅरटमध्येच विचारावे. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम हे सगळीकडे सारखे असते, रत्ती मात्र पेढीगणिक बदलते.

खडा पसंत करायला दोन दुपारी पुरल्या. दुसऱ्या एका पेढीवर पांढऱ्या कागदाच्या पुडीतून त्यांनी सात-आठ पाचू काढून ठेवले. त्यांतला कोपरे छाटलेला, पायऱ्यापायऱ्यांनी पैलू पाडलेला एक खडा मुलीला आवडला. पाचू ठिसूळ असल्याने अणकुचीदार कोपरे लवकर उडतात, म्हणून हा आकार त्याला सोयीचा. दहापट भिंगातून पाहिल्यावर एका कडेपासून मध्यापर्यंत गेलेली केसासारखी रेघ आणि तिच्याभोवती धुक्यासारखे काहीसे दिसले. "पाचूत जाळी असायचीच, अगदी निर्मळ दिसला तर आधी काचेचा संशय घ्यावा," असे तिथल्या वयस्कर गृहस्थांनी सांगितले आणि ते खरेच आहे. मी एवढेच म्हटले, की स्वतंत्र प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा. ते 'हो' म्हणाले आणि मी तो होकार लेखी घेतला नाही.

अक्षय्य तृतीयेची गर्दी ओसरल्यावर मी चौकशीला गेले, तेव्हा खडा 'लॅबला गेला आहे' असे कळले. पुढच्या सोमवारीही तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या सोमवारी माझ्यासमोर तयार अंगठी ठेवण्यात आली. खडा बंद पाठीच्या कोंदणात बसवलेला होता आणि सोबत पेढीनेच छापलेले एक कार्ड होते, ज्यावर 'नैसर्गिक पाचू' या दोन शब्दांपलीकडे काही नव्हते. मी रिपोर्ट मागितला, तर काउंटरवरचा तरुण म्हणाला, "हॉलमार्क आहे ना, ताई." हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेपुरता असतो. १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झालेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला ओळख क्रमांक, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला, की दागिन्याची नोंद दिसते, पण तो खड्याविषयी चकार शब्द सांगत नाही. हे मला त्याच काउंटरवर उभे राहून समजावून सांगावे लागले.

शेवटी मी स्वतः सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून अंगठी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नेली. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले, की कोंदणाची कड खड्याच्या सपाट माथ्यापेक्षा वर आली असल्याने तो माथा वक्रीभवनांक (खड्यात प्रकाश किती वाकतो ते) मोजणाऱ्या यंत्राच्या काचेवर टेकत नाही. पाठ बंद असल्याने आतून प्रकाशही जात नाही आणि वजन तर अंदाजानेच लिहावे लागेल. भेगांमध्ये तेल किती भरले आहे हा रकाना कोराच राहणार होता, आणि मला नेमका तोच हवा होता. पाचूच्या भेगा झाकण्यासाठी तेल किंवा राळ भरण्याची रीत जुनी आहे आणि ती लपवली नाही तर तिच्यात गैर काही नाही. मात्र त्याच तेलाच्या कमी-जास्त प्रमाणावर किंमत बरीच खालीवर होते, आणि मला 'बिनतेलाचा' म्हणून भाव सांगितला गेला होता.

रिकाम्या हाताने नाशिकला परतले, तेव्हा खरा खोळंबा सुरू झाला. कोंदण उघडताना खडा फुटला तर जबाबदार कोण, या एका प्रश्नावर पेढी आणि त्यांचा कारागीर यांनी दोन आठवडे एकमेकांकडे बोट दाखवले. वाढदिवस त्यातच होऊन गेला आणि मुलीला मी रिकामी डबी दाखवली. अखेरीस मालकांनी स्वतः लक्ष घातले, नुकसान झाल्यास पेढी भरून देईल असे पावतीच्या मागे लिहून सही केली आणि कारागिराला माझ्यासमोर बसवले. त्याने बारीक सळईने कोंदणाची कड चारी बाजूंनी रेसभर उचलली. खडा सुटून त्याच्या तळहातावर पडला आणि खाली हिरवट चकाकीचा पातळ पत्रा दिसला. इतके दिवस जो गडद रंग आम्ही कौतुकाने पाहत होतो, त्यातला बराचसा त्या पत्र्याचा होता. नुसता खडा फिका होता, थोड्या निळसर झाकेचा, आणि मला तो तसाच अधिक सुंदर वाटला.

सुटा खडा घेऊन पुन्हा मुंबई गाठली. या वेळी आलेल्या रिपोर्टमध्ये नैसर्गिक पाचू, वजन १.६२ कॅरट, तेलाचे प्रमाण मध्यम, असे स्पष्ट लिहिले होते. तो कागद पुढे ठेवल्यावर मालकांनी वाद न घालता किंमत कमी केली आणि दुसऱ्यांदा बसवण्याची घडणावळ घेतली नाही. हा मला स्वतःचा विजय वाटला आणि तसे म्हणायला संकोच वाटत नाही.

तेव्हा रिपोर्ट सुट्या खड्याचाच करून घ्यावा, शक्यतो स्वतः नेऊन, आणि 'खडा रिपोर्टनंतर बसवायचा' हे वाक्य आगाऊ रकमेच्या पावतीवरच लिहून घ्यावे. अंगठीचे माप खडा बसवण्यापूर्वी बोटात घालून पक्के करावे. नंतर माप बदलायला डाग द्यावा, म्हणजे तापवून सांधा जोडावा लागला, तर उष्णतेने तेल निघून भेगा उघड्या दिसू लागतात. रोज वापरायची असेल, तर २२ ऐवजी १८ कॅरट सोने घ्यावे, कारण ते कठीण असते आणि खड्याची पकड सैल पडत नाही.

आमची अंगठी आता उघड्या पाठीची आहे. मुलगी पुण्याला असते. तिथल्या दुकानात कोणी अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेवर धुऊन देतो म्हणाले, तर नाही म्हणायचे, कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढेच वापरायचे, असे तिला बजावले आहे. रिपोर्टची मूळ प्रत तिच्याकडे आहे आणि सही केलेली पावती माझ्या कपाटात आहे.