तुळजापूर राहिलं, गिअरबॉक्स मात्र पाहिला

मोहोळ सोडलं आणि गाडीनं रंग दाखवला. पाय दाबला की इंजिन नुसतं बोंबलतंय, काटा ६० वरच. मागे गादी, गॅस, पाण्याची टाकी, दोन पोरं आणि सासूबाई असा संसार लादलेली भाड्याची कॅम्पर. त्यात करपल्याचा वास. सासूबाई म्हणाल्या, "गॅसवर काही ठेवलंय का गं?"

हळूहळू, ॲक्सिलरेटर जपून दाबत सोलापूर गाठलं. मिस्त्री गाडीखाली सरकले, बाहेर आले ते काळं बोट घेऊन. बोट नाकाला लावलं. "गिअरबॉक्सचं सील गळतंय बगा. तेच तेल क्लच प्लेटवर. प्लेट घसरणार न्हाई तर काय करणार?"

क्लच प्लेट म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी थाळी; ती घसरली की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पळत नाही. आणि सील म्हणजे तेल अडवणारी, बांगडीएवढी रबरी चकती. पण ती बदलायला अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो! आणि उतरवलाच आहे तर प्लेटही नवीन. तेल प्यायलेली प्लेट पुसून भागत नाही म्हणे. गाडीमालक फोनवर सांगत होता, "कालच सर्व्हिसिंग केलंय." बरं.

संध्याकाळपर्यंत गॅरेजसमोरच मुक्काम. ४५ किलोमीटरवरचं तुळजापूर राहिलं. सासूबाईंनी देवीला तिथूनच हात जोडले आणि मिस्त्रींसकट सगळ्यांना चहा केला, आमच्याच गॅसवर. मिस्त्रींनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. धाकट्यानं तेलकट हातानंच खाल्ली. मी काही बोलले नाही.

रात्री साडेआठला चौथा गिअर पडला आणि काटा हलला. मालकानं बिलाचे पैसे अजून पाठवलेले नाहीत.