एकच दिवस असेल तर झायनच

"लास वेगासला येतोय, एक दिवस मोकळा आहे. ग्रँड कॅन्यन करू की झायन?" अमेरिकेतली मित्रमंडळी आणि भारतातून येणारे नातेवाईक, दोघंही हे विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

झायन. अंतराचा मुद्दा आहेच: वेगासहून युटा राज्यातलं झायन नॅशनल पार्क साधारण १६० मैल, तर ग्रँड कॅन्यनची साउथ रिम, म्हणजे दक्षिणेकडचा कडा, २८० च्या आसपास. पण माझं खरं कारण वेगळं आहे. ग्रँड कॅन्यन आपण कड्यावर उभं राहून बघतो. ते दृश्य अफाटच आहे, पण नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी परत चढू नका, असं पार्कवालेच बजावतात. म्हणजे कोलोरॅडो नदी लांबूनच बघायची. झायनला आपण थेट दरीच्या तळाशी असतो, आणि जिनं ही दरी कोरली त्या व्हर्जिन नदीत उतरून चालता येतं.

वर्षातला बराच काळ आतल्या रस्त्यावर खाजगी गाड्या सोडत नाहीत, पार्कची फुकट शटल बस घ्यायची. शेवटच्या थांब्यावरून रिव्हरसाइड वॉक सुरू होतो. जेमतेम मैलभर, पक्की वाट, आईबाबाही आरामात चालतात. इथे घाई करू नका. कातळाजवळ जाऊन बघा, त्यावर तिरप्या रेघांचे थर दिसतील. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्या होत्या, वाऱ्यानं त्या जशा रचल्या तशाच दगड झाल्या. या दगडातून पावसाचं पाणी झिरपत खाली येतं, खालच्या घट्ट थराला अडतं आणि कड्यातून बाहेर पाझरतं. त्या ओलीवर नेच्यांचे झुबके लोंबत असतात. भर वाळवंटात, अंगावर थेंब पडत असताना ती हिरवाई बघणं मला आजही नवलाचं वाटतं.

वाट संपते तिथून नॅरोज ही अरुंद घळ. पुढे नदी हीच वाट. भिंती हजार फूट उंच, काही ठिकाणी रुंदी वीस-तीस फुटांवर येते. पायाखाली गुळगुळीत गोटे, त्यामुळे हातात काठी हवीच. बूट आणि काठी बाहेर स्प्रिंगडेल गावात भाड्यानं मिळतात. सांधण व्हॅली केलेल्यांना घळीतून चालायची सवय असते, पण इथे प्रवाहाविरुद्ध चालायचं असतं आणि पाणी गार असतं. जमेल तेवढं जा, वाटेल तिथून वळा.

एंजल्स लँडिंग या उंच कड्याचं म्हणाल, तर साखळ्या धरून चढायच्या टप्प्यासाठी २०२२ पासून परवाना लागतो, तोही लॉटरीनं. एका दिवसाचा बेत त्यावर बांधू नका.

उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो. वसंतात बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा नॅरोज बंद असतं. पण खरी भीती जुलै ते सप्टेंबरमधल्या पावसाची. डोक्यावर स्वच्छ ऊन असतं, पाऊस वर कुठेतरी मैलोगणती लांब पडतो आणि लोंढा घळीत येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये याच पार्कच्या एका घळीत अशा पुरात सात जण गेले. म्हणून सकाळी आधी पुराचा अंदाज बघा. चालताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, तर थांबून फोटो काढू नका, ताबडतोब उंच जागा गाठा. अंदाज वाईट असेल तर नदीत उतरूच नका. त्या दिवशी पार्कमधल्या रस्त्यावरच्या बोगद्यापलीकडचा कॅन्यन ओव्हरलुक ट्रेल करा. जाऊन-येऊन मैलभराची वाट आहे, आणि वरून दरीचा खालचा भाग दिसतो.