ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन चालू होईना

मी तासगावात छोट्या पेट्रोल इंजिनांची कामं करतो. एचटीपी म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप, ब्रश कटर, वीडर, जनरेटर, जे येईल ते. मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट आहे, रात्रभर पाऊस झालेला आणि मणेराजुरीकडच्या एका तात्यांचा दुपारी फोन आला, "मिस्त्री, इंजिन लागंना. सकाळपासनं दोरी वढून वढून पोराचं खांदं गेलं. बाग फुलोऱ्यात हाय, जरा लवकर या."

द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे डाऊनी (केवडा रोग) आणि घडकुज, पानं ओली राहिली की फवारणी थांबवता येत नाही. तात्यांकडे ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर आहे पण रान एवढं ओलं की ट्रॅक्टर घातला तर चाकं रुतणार, म्हणून बांधावर एचटीपी लावायचा, पाइप ओढायचा आणि गननं मारायचं. म्हणजे तीन एकर बाग त्या दिवशी त्या १६३ सीसीच्या इंजिनावर होती.

गेलो. माझी नेहमीची पद्धत म्हणजे आधी पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओलावा धरतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन खाली बसतं, पावसाळ्यात अर्धी टाकी भरून ठेवलेली इंजिनं मी याच कारणानं कितीतरी चालू केलीत. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा बोल्ट सोडून काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतलं, उन्हाकडं धरून बघितलं, एकदम स्वच्छ, थर नाही की थेंब नाही. मग ऑइल, कारण या इंजिनांना ऑइल कमी झालं की सेन्सर करंटच तोडतो आणि माणूस उगाच प्लग बदलत बसतो. ऑइल बरोबर होतं.

प्लग काढला तर ओला चिंब. पुसला, गॅप बघितला, ०.७ मिलिमीटर, ठीक. पेट्रोलचा डबा लांब ठेवायला लावला, प्लग टोपीत घालून बॉडीला टेकवला आणि पोराला दोरी ओढायला सांगितली, तर निळी खणखणीत ठिणगी. दोरी ओढताना कॉम्प्रेशनही हाताला चांगलं लागत होतं. एअर फिल्टर काढून बघितला, साफ.

आता पेट्रोल आहे, ठिणगी आहे, दाब आहे. मग लागत का नाही? मी चोक उघडा ठेवून, थ्रॉटल पूर्ण देऊन ओढलं, जास्तीचं पेट्रोल निघून जावं म्हणून. नाही. वाळवलेला प्लग लावून परत ओढलं तर कार्बोरेटरमधून फट्ट करून उलटा आवाज आला आणि दोरी हातातून अशी हिसकली की मूठ उघडली, बोटांना झिणझिण्या आल्या.

तिथं मी थांबलो. खरंतर पहिल्याच मिनिटाला विचारायचा प्रश्न मी तेव्हा विचारला, "तात्या, बंद पडलं तेव्हा कसं पडलं?" ते म्हणाले, "परवा चालता चालता एक हिसका दिला बगा आन् गप झालं." पेट्रोल संपत आलं की इंजिन आचके देत मरतं. हिसका देऊन गप होणं वेगळं. ठिणगी येते आहे पण चुकीच्या वेळी येते आहे, म्हणजे फ्लायव्हीलची की, इंजिनच्या शाफ्टवरचं जड चाक नेमक्या जागी बसवणारा खाचेतला छोटा तुकडा.

आणि मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, कारण सप्टेंबरात याच इंजिनाचं फ्लायव्हीलमागचं ऑइल सील मीच बदललं होतं.

दोरीच्या स्टार्टरचं कव्हर काढलं, फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावला तर थोड्याच जोरात सुटला. तो असा सुटायला नको, त्याला ७५ न्यूटन मीटर टॉर्क लागतो. सप्टेंबरात त्या दिवशी माझा टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराला कट्ट वाजणारा पाना, दुसऱ्या कामावर दिलेला होता आणि मी साध्या पान्यानं अंदाजानं कसला होता. पुलर लावून फ्लायव्हील काढलं. की मधोमध कातरलेली, अर्धा भाग शाफ्टच्या खाचेत, अर्धा फ्लायव्हीलच्या, दोन्हीत जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची पायरी. एवढ्याशा फरकानं फ्लायव्हीलमधलं मॅग्नेट ठिणगीच्या कॉइलसमोर लवकर येतं, पिस्टन वर पोचायच्या बराच आधी ठिणगी पडते आणि इंजिन उलटी लाथ मारतं.

बरेच जण समजतात फ्लायव्हील कीवर धरलेलं असतं. तसं नाही. धरतो तो शाफ्टचा निमुळता भाग, नट कसला की दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. की असते ती फक्त जागा दाखवायला. नट ढिला राहिला की सगळा झटका त्या मऊ तुकड्यावर येतो. बघायला जमलेल्यातला एकजण म्हणाला, "खिळा कापून ठोका की, काम तर हुईल." मी नाही म्हणालो. कडक लोखंड घातलं तर पुढच्या झटक्याला शाफ्टची खाच फाटते आणि मग क्रँक, म्हणजे तो अख्खा शाफ्टच बदलावा लागतो.

तात्यांच्या पोराला गाडीवर दुकानात पाठवला, कप्प्यातली नवी की आणि टॉर्क रेंच आणायला. तोवर मी शाफ्ट आणि फ्लायव्हीलचं भोक पेट्रोलच्या फडक्यानं पुसून कोरडं केलं, तिथं ऑइलचा हातसुद्धा लागू द्यायचा नाही. अंधार पडायला लागला तेव्हा की बसवली, फ्लायव्हील चढवलं, रेंच कट्ट वाजेपर्यंत नट कसला. दुसऱ्याच ओढीला इंजिन लागलं.

मी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हा नट माझ्याकडनं ढिला राहिला होता, पैसे घेणार नाही. ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दोन दिवस गेलं माजं, मिस्त्री." मी मान खाली घातली. "बरं, आता पाइप धर पलीकडनं."

रात्री साडेदहापर्यंत हेडटॉर्च लावून त्यांनी फवारलं, मी पाइप ओढत होतो.

सप्टेंबरच्या त्याच आठवड्यात मी आणखी दोन इंजिनांची सीलं अशीच बदलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता आधी त्या दोघांकडं गेलो. सावळजच्या इंजिनाचा नट जागच्या जागी होता. दुसऱ्याचा, रेंच वाजेपर्यंत, पाव आटा फिरला.