आमचे पी.टी.चे सर आणि न्यायमूर्ती पेज

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि पी.टी.चे सर डोळ्यांपुढे उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी सरांबद्दलच लिहिणार.

इंदूर म्हणजे क्रिकेट. होळकरांचा संघ आणि कर्नल सी. के. नायडू यांच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. फुटबॉलला विचारतो कोण? महूची मुलं यायची आणि आम्हाला धुऊन जायची. तरी सरांनी मागच्या ग्राउंडवर आमची टीम उभी केलीच.

१९८८ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आपसातल्या मॅचमध्ये आमच्या बाजूने मारलेला बॉल वरच्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. आम्ही म्हणतो गोल, ते म्हणतात नाही. हमरीतुमरीवर आलो. सरांनी शिट्टी मारून सगळ्यांना चिंचेखाली बसवलं. सगळ्यात मोठ्याने ओरडत होतो मी. सर म्हणाले, "आता तू त्यांचा वकील. गोल झाला नाही, हे पटवून दे."

गुडघ्यापर्यंत चिखल, अंगात राग, आणि बोलायचं समोरच्यांच्या बाजूने! पण बोलायला लागलो. कोण कुठे उभा होता ते एकेकाला विचारलं. आमच्याच हाफबॅकने कबूल केलं की त्याच्या जागेवरून रेघ दिसतच नव्हती. सरांनी निकाल दिला, गोल नाही. आम्ही ती मॅच हरलो.

मग सरांनी पिशवीतून एक कात्रण काढलं. त्यांचा भाचा अमेरिकेत मिनियापोलिसला होता, त्याने पाठवलेलं. अ‍ॅलन पेज हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अमेरिकेतलं फुटबॉल वेगळं, चेंडू लंबगोल, हातात धरून पळायचं. पेज मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाचा बचावपटू; मिनियापोलिस याच मिनेसोटा राज्यातलं. १९७१ मध्ये तिथल्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावपटूला तो मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता. आणि हा गडी खेळता खेळता लॉ कॉलेजला जात होता! १९७८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली, तेव्हाही व्यावसायिक फुटबॉल चालूच होतं.

१९८८ मध्ये कँटन या त्याच्या जन्मगावी त्याला फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंत खेळाडूंच्या सन्मान-दालनात, घेतलं. पोरवयात त्याच इमारतीच्या बांधकामावर त्याने काम केलं होतं. अशा समारंभात ओळख करून द्यायला खेळाडू सहसा आपल्या कोचला बोलावतात. पेजने मिनियापोलिसच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना बोलावलं, आणि स्वतःच्या भाषणात खेळ बाजूला ठेवून मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलला. हे सांगताना सरांचा आवाज चढला होता. खेळणारा मुलगा अभ्यासात मागेच असायचा, असं तेव्हा स्टाफरूममध्येही सर्रास बोललं जाई. सरांना ते फार लागायचं.

मी लॉ कॉलेजात असताना सरांकडून आणखी एक कात्रण आलं. तिकडे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. १९९२ मध्ये पेजला लढवायची होती त्या जागेची निवडणूकच टळायची वेळ आली, कारण त्या जागेवर असलेल्या न्यायाधीशांना मुदतवाढ दिली होती. पेज कोर्टात गेला, निवडणूक घ्यायला लावली आणि जिंकला. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातला तो पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. १९९३ पासून सत्तरी गाठेपर्यंत, २०१५ पर्यंत, तो त्या खुर्चीवर होता. सरांनी कात्रणाच्या कडेला पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "आधी कोर्टात अर्ज, मग प्रचार. वाच."

ते मी वाचलं आणि धरून ठेवलं. आज एम. जी. रोडवर हायकोर्टाच्या खंडपीठात प्रॅक्टिस करतो, एकदा पार्षद म्हणूनही निवडून आलो. वॉर्डातल्या नळाच्या तक्रारी घेऊन लोक यायचे तेव्हा आधी समोरच्याची बाजू स्वतः मांडून बघायची, ही सवय चिंचेखालचीच. जिंकल्यावर पेढे घेऊन सरांकडे गेलो, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खेळतोस का अजून?"

सर आता नाहीत. मागच्या ग्राउंडवर गाड्या उभ्या राहतात, आणि मुलं कंपाउंडलगतच्या पट्ट्यात बॉल मारतात. ते बघवत नाही, हे मी समितीला स्पष्ट सांगतो.

पेजने १९८८ मध्येच एक शिष्यवृत्ती निधी सुरू केला. ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा, अशी त्यात अट आहे. २०१७ मध्ये मिनियापोलिसच्या एका शाळेला त्याचं नाव मिळालं, तेही विद्यार्थ्यांनीच मागणी लावून धरल्यामुळे. आपल्या शाळेतही सरांच्या नावाने, मैदानावर खेळणाऱ्या आणि पुढे शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी अशी शिष्यवृत्ती सुरू व्हावी. अट तीच ठेवावी. पहिली रक्कम मी कार्यालयात जमा केली आहे. पावती समितीच्या खजिनदारांकडे आहे. आमच्या टीममधल्या सगळ्यांनी त्यांना फोन करावा.