फेरवाचनाची नोंदवही : नेडचे मौन आणि जॉनची अदलाबदल

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचे माझे तिसरे वाचन गेल्या आषाढात सुरू झाले आणि या आठवड्यात ते पाचव्या पुस्तकातील जॉन स्नोच्या दुसऱ्या प्रकरणापर्यंत आले. या खेपेस एकच धागा धरून वाचायचे ठरवले आहे: कोणाचे आईबाप कोण हे कोणी कोणापासून लपवले, आणि त्या लपवण्याची किंमत कोणी मोजली. त्यासाठी दोनशे पानी वही घातली आहे. डाव्या पानावर पुस्तकात प्रत्यक्ष लिहिलेले तेवढेच उतरवायचे आणि उजव्या पानावर त्यावरून निघणारा तर्क लिहायचा, असा नियम ठेवला आहे. नियम साधा आहे, पण तो पाळू लागल्यावर कळले, की ‘हे तर पुस्तकातच आहे’ असे मी ज्या गोष्टींबद्दल धरून चालले होते, त्यांतल्या कितीतरी चाहत्यांच्या चर्चांमधून माझ्या डोक्यात येऊन बसल्या होत्या. पाचही पुस्तके ज्यांची वाचून झालेली नाहीत, त्यांनी ही नोंद तूर्त बाजूला ठेवावी.

‘आर अधिक एल बरोबर जे’ हे समीकरण आपल्यापैकी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. जॉन स्नो हा विंटरफेलचा सरदार नेड स्टार्क याचा अनौरस मुलगा नसून नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र रेगार टार्गेरियन यांचा मुलगा आहे, हा तर्क पहिले पुस्तक १९९६ मध्ये आल्यानंतर थोड्याच काळात वाचकांनी मांडला होता. दूरचित्रवाणी मालिकेचे कर्ते परवानगी मागायला आले तेव्हा मार्टिन यांनी त्यांना जॉनची आई कोण असे विचारले, ही आठवण त्या दोघांनी मुलाखतींत सांगितली आहे. मालिकेच्या सहाव्या पर्वाच्या शेवटी, २०१६ मध्ये, लियानाचे बाळंतपण दाखवले गेले आणि पुढच्या वर्षी रेगारशी तिचा विवाह झाल्याचेही सांगून टाकले गेले. पुस्तकांत मात्र २०११ च्या पाचव्या खंडापर्यंत हे कोणीही स्पष्ट बोललेले नाही, आणि माझी वही पुस्तकांची असल्यामुळे पडद्यावरचा निकाल मी डाव्या पानावर घेतलेला नाही.

डाव्या पानावर काय काय जमा झाले, त्यातला एक भाग सविस्तर सांगते, कारण या वाचनात मला त्याने सर्वांत जास्त गुंतवून ठेवले. पहिल्या पुस्तकात नेडच्या नजरेतून सांगितलेली पंधरा प्रकरणे आहेत. त्यांतल्या नवव्या प्रकरणात तो राजधानीतल्या एका कुंटणखान्यात, टार्गेरियनांना हटवून गादीवर आलेल्या राजा रॉबर्टच्या अनौरस मुलीला पाहायला जातो. बाळाची आई इतकी लहान आहे की तिचे वय विचारण्याचे धाडस नेडला होत नाही. बाळाचे जावळ काळे आहे. राजाला बाळाबद्दल सांगा, अशी विनवणी ती पोर करते आणि नेड तिला शब्द देतो. शब्द देताच त्याला मरणाऱ्या लियानाला दिलेली वचने आणि ती पाळण्यासाठी आपण मोजलेली किंमत आठवते. मग पावसात घोड्यावरून परतताना त्याच्या डोळ्यांसमोर जॉनचा चेहरा उभा राहतो. त्यानंतर थोड्याच वेळात, कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच, त्याला रेगारची आठवण होते आणि रेगार अशा ठिकाणी जात असेल का, असा प्रश्न मनात येऊन ‘बहुधा नसेल’ असे उत्तरही तो स्वतःलाच देतो. लियाना, जॉन आणि रेगार ही तीन नावे या क्रमाने आणि इतक्या जवळ येतात, पण तिघांना जोडणारे वाक्य लेखक लिहीत नाही. पहिल्या वाचनात या प्रकरणातले माझे सारे लक्ष शेवटच्या रस्त्यावरच्या चकमकीकडे लागलेले होते. दुसऱ्या वाचनात ही पाने मी केवळ ‘पुरावा’ म्हणून अधोरेखित केली. या वेळी मात्र लक्षात आले, की ज्या माणसाने बहिणीला पळवून नेले म्हणून नेडला त्याचा द्वेष वाटावा अशी सगळ्या राज्याची समजूत आहे, त्याच्याविषयी नेडच्या मनात कडवटपणाचा लवलेशही नाही, आणि माझ्या मते हा त्या प्रकरणातला सर्वांत वजनदार पुरावा आहे.

लियाना जिथे मरण पावली त्या आनंदाच्या मनोऱ्यापाशी झालेल्या झुंजीचे स्वप्न दहाव्या प्रकरणात येते. नेडच्या बाजूचे सात आणि समोर किंग्सगार्डचे, म्हणजे राजाच्या शपथबद्ध रक्षकदलाचे, तीन, त्यांतून नेड आणि त्याचा मित्र हाउलंड रीड हे दोघेच जिवंत परतले. राणी आणि राजपुत्र व्हिसेरिस ड्रॅगनस्टोनला गेले असताना राजघराण्याचे हे सर्वोत्तम रक्षक एका ओसाड मनोऱ्यावर पहारा का देत होते, या प्रश्नावर या तर्काचा मोठा भार आहे, आणि ‘आम्ही शपथ घेतली आहे’ हे त्यांचे उत्तर अनेकजण आत खरा वारस होता याचा पुरावा मानतात. मला इथे थोडे थांबावेसे वाटते. हे सारे नेडला पाय जायबंदी झाल्यावर, तापात आणि अफूच्या अमलाखाली पडलेले स्वप्न आहे. त्यातला प्रत्येक शब्द जसाच्या तसा बोलला गेला होता असे धरणे बरोबर नाही. शिवाय राजपुत्राच्या आज्ञेने त्याच्या प्रियेचे रक्षण करणे, हीसुद्धा शपथच ठरते. तेव्हा रेगार आणि लियाना यांचा विवाह विधिवत झाला होता, हा भाग मी उजव्या पानावर आणि तोही पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

जॉनच्या आईबद्दल पुस्तकांत उघडपणे दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, हीसुद्धा जाणीवपूर्वक केलेली रचना आहे. रॉबर्टला विला हे नाव ठाऊक आहे. तिसऱ्या पुस्तकात डेन घराण्यातला मुलगा एड्रिक नेडच्या मुलीला, आर्याला, सांगतो, की विला आपली दूधआई होती आणि म्हणून जॉन आपला दूधभाऊ आहे. विंटरफेलच्या नोकरांमध्ये त्याच घराण्यातल्या अशारा डेनच्या नावाची कुजबुज होती, आणि पाचव्या पुस्तकात डाव्होस या सरदाराला एका कोळ्याच्या मुलीची कथा ऐकायला मिळते. नेडने एक खोटे सांगितले आणि बाकीची लोकांनी रचली. त्याला ती खोडून काढण्याची गरजच पडली नाही, कारण सत्यापासून लक्ष दूर नेणारी प्रत्येक अफवा त्या मुलाचे कवच होती.

या ठिकाणी मराठी वाचकाला कर्ण आठवल्याशिवाय राहत नाही. महाभारतात कर्णाचे जन्मरहस्य आपल्याला आधीपासून ठाऊक असते आणि पात्रांना नसते, त्यामुळे आपण प्रत्येक प्रसंगी कुंतीच्या मौनाचे साक्षीदार होतो. युद्ध संपल्यावर तर्पणाच्या वेळी ती बोलते, आणि युधिष्ठिराचा सारा संताप त्या मौनावर निघतो, कारण त्याची किंमत कर्णाने आणि त्याच्याशी लढलेल्या भावांनी मोजलेली असते. मार्टिन यांनी आपल्याला ते साक्षीदारपण दिलेले नाही. आपण नेडच्या बायकोच्या, कॅटलिनच्या, जागी उभे असतो, म्हणजे ज्याच्यापासून लपवले गेले त्याच्या जागी.

आणि कॅटलिनला या चर्चांमध्ये न्याय मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगा ब्रान बेशुद्ध असताना त्याच्या उशाशी बसलेली ती निरोप घ्यायला आलेल्या चौदा वर्षांच्या जॉनला म्हणते, की तुझ्या बाबतीत हे घडायला हवे होते. वाक्य क्रूर आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण लग्नाच्या सुरुवातीच्या काळात तिने एकदाच अशारा डेनबद्दल विचारले, तेव्हा नेडने तिला भीती वाटावी अशा थंड स्वरात ‘जॉनबद्दल मला कधीही विचारू नकोस’ असे बजावले होते. त्या दिवसापासून नवऱ्याच्या परस्त्रीगमनाचा जिवंत पुरावा तिच्या अंगणात वाढत राहिला, आणि तो पुरावाच मुळात खोटा होता. नेडने राजाच्या कोपापासून एक मूल वाचवले, हे थोरच आहे. मात्र त्यासाठी खर्च झालेली श्रद्धा त्याच्या बायकोची होती आणि तिला विचारून ती खर्च केलेली नव्हती.

टिरियन लॅनिस्टर हा टायविनचा नसून खरे तर रेगारच्या बापाचा, राजा एरिसचा, मुलगा आहे, या तर्कावर मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि वहीत जेमतेम अर्धे पान भरले. एरिसचा डोळा टिरियनच्या आईवर, जोआनावर, होता, याला आधार आहे. पाचव्या पुस्तकात जुना किंग्सगार्ड बॅरिस्टन तसे सुचवतो आणि पूरक इतिहासग्रंथानुसार टिरियनच्या जन्माच्या आदल्या वर्षी ती राजधानीत आलेली होती. मरताना टायविन त्याला ‘तू माझा मुलगा नाहीस’ असे म्हणतो. परंतु चौथ्या पुस्तकात आत्या गेन्ना टिरियनच्या भावाला, जेमीला, सांगते, की टायविनचा खरा मुलगा टिरियन आहे, तू नव्हेस. बापाने आयुष्यभर ज्याला नाकारले, तोच बुद्धीने आणि कठोरपणाने बापासारखा निघाला, ही त्या नात्यातली धग आहे. रक्त बदलले की टायविनचे नाकारणे बरोबर ठरते, आणि ते मला पटत नाही.

याउलट एगॉनच्या प्रश्नाने पाने भरून टाकली. रेगारचा मुलगा एगॉन लहानपणी मारला गेला नाही, त्याच्या जागी दुसरे बाळ ठेवून दरबाराचा हेरप्रमुख व्हॅरिस याने त्याला पळवले, असे पाचव्या पुस्तकात सांगितले जाते, आणि तो मुलगा वास्तविक टार्गेरियनांच्याच बंडखोर ब्लॅकफायर शाखेचा असावा, असा आपल्यातल्या अनेकांचा संशय आहे. या संशयाचा मला सर्वांत आवडलेला दुवा चौथ्या पुस्तकात ब्रिएनच्या प्रकरणात एका खानावळीच्या पाटीच्या रूपाने येतो. काळ्या ड्रॅगनची लोखंडी पाटी तोडून नदीत फेकली जाते आणि पुष्कळ वर्षांनी तिचा एक तुकडा वाहत वर येतो, तेव्हा तो गंजून लाल झालेला असतो. काळा हा ब्लॅकफायर घराण्याचा रंग आणि लाल टार्गेरियनांचा. लेखकाने ही गोष्ट एका वाटसरू धर्मगुरूच्या तोंडी गप्पांच्या ओघात घातली आहे आणि तिच्यावर बोट ठेवलेले नाही.

एगॉन अस्सल असल्याच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला पाचव्या पुस्तकाच्या उपसंहारातला आहे: टायविनचा भाऊ केव्हन लॅनिस्टर मरणाच्या दारात असताना व्हॅरिस त्याला खोटे का सांगेल? पण खोलीत त्या वेळी व्हॅरिसची ‘पाखरे’, म्हणजे त्याच्यासाठी हेरगिरी करणारी मुलेही हजर आहेत, हे विसरता कामा नये. त्याहून मोलाचे आहे ते व्हॅरिसने तिथे केलेले वर्णन. हा मुलगा पोहायला, मासे धरायला, जाळी दुरुस्त करायला, स्वतःचे कपडे धुवायला शिकला आहे, त्याला भूक आणि भीती ठाऊक आहे, आणि राज्य करणे हे कर्तव्य आहे असे त्याला शिकवले गेले आहे. व्हॅरिसच्या त्या भाषणात वंशाचे नाव क्षणात उरकते आणि संगोपनावर तो बोलत राहतो. मुलगा तोतया असेल, तर त्याने स्वतः कोणाला फसवलेले नाही, कारण तो स्वतःला अस्सलच मानतो. अशा मुलाच्या माथी तोतयेपणाचा दोष मारायचा का, यावर मी अजून ठरवलेले नाही.

आता जिथे थांबले आहे त्या प्रकरणाकडे येते. वॉलवर, म्हणजे राज्याच्या उत्तर सीमेवरच्या भिंतीवर, सेनापती झालेल्या जॉनला भीती आहे, की अग्निपूजक पुजारीण मेलिसांड्र राजरक्तासाठी मान्स रेडर या पलीकडच्या टोळ्यांच्या राजाच्या तान्ह्या मुलाला जाळील. तो वॉलपलीकडून आलेल्या गिली या तरुण आईला बोलावतो आणि तिचे स्वतःचे बाळ मागे ठेवून मान्सच्या बायकोचे, डालाचे, बाळ आपले म्हणून दक्षिणेला घेऊन जायला सांगतो. ती रडते, विनवते, दोन्ही बाळे नेते म्हणते. त्यावर जॉन तिला बजावतो, की ज्या दिवशी डालाचे मूल जाळले जाईल त्या दिवशी तुझेही मरेल. चौथ्या पुस्तकात जहाजावर जॉनचा मित्र सॅम याला वाटत राहते की गिली समुद्राला भिऊन रडते आहे. तिच्या कुशीतले बाळ तिचे नाही, हे उमगायला त्याला वृद्ध एमॉनच्या बोलण्याची मदत लागते.

राजरक्ताचे मूल दुसऱ्याचे म्हणून वाढवायचे, ते वाचावे म्हणून एका आईला दुःखात लोटायचे, आणि ती गोष्ट कोणापाशी बोलायची नाही, हे नेडने केले आणि जॉननेही केले, फक्त जॉनला आपण कोणाची रीत चालवत आहोत याची कल्पना नाही. पहिल्या पुस्तकात, राणी सर्सीची मुले रॉबर्टची नाहीत हे कळल्यावर तिला मुलांसह निघून जाण्याची संधी देण्यापूर्वी, नेडच्या मनात विचार येतो, की एखाद्या परक्या मुलाचा जीव एका पारड्यात आणि रॉब, सान्सा, आर्या, ब्रान, रिकॉन दुसऱ्या पारड्यात पडले तर मी काय करीन, आणि जॉनचा जीव विरुद्ध आपली पोटची मुले असे झाले तर कॅटलिन काय करील? नेडच्या यादीत पाचच नावे आहेत. जॉनचे त्यांत नाही. हे पान या खेपेस उतरवून घेताना माझा हात थांबला. नेडने जो प्रश्न कधी पुढे येऊ नये म्हणून प्रार्थना केली, तोच जॉनने गिलीपुढे ठेवला, आणि उत्तर देण्याची मोकळीकही तिला दिली नाही. नेडच्या दयेची सावली सर्सीच्या मुलांपर्यंत पोचली होती. जॉनच्या दयेला धमकीची धार आहे. जॉन वाईट झाला असे मी म्हणणार नाही, कारण तो नसता तर मान्सचे बाळ वाचण्याची शाश्वती नव्हती. परंतु जॉनच्या जन्माचे रहस्य सिंहासनावरच्या हक्कापुरते मोजणाऱ्या चर्चेत या अदलाबदलीचा उल्लेखही सापडत नाही, तेव्हा आपण चुकीच्या पानावर खुणा करत बसलो आहोत असे वाटते.

पुढच्या टप्प्यात स्टार्कांकडे वाढलेल्या थिऑनची प्रकरणे घेणार आहे. विंटरफेलमध्ये आर्या स्टार्क म्हणून ज्या मुलीचे लग्न लावले जाते ती खरे तर सान्साची मैत्रीण जेन पूल आहे. इथे नाव लपवून कोणाला वाचवलेले नाही. खोट्या नावाने एका मुलीला नरकात ढकलले आहे, आणि थिऑन ती कोण आहे हे जाणून कन्यादान करतो. त्या लग्नाचे प्रकरण कोणी या दृष्टीने वाचले असेल, तर थिऑनने तिला नेमके कोणत्या क्षणी ओळखले याबद्दलच्या आपल्या खुणा जरूर कळवाव्यात. माझ्या वहीचे डावे पान त्यासाठी कोरे ठेवले आहे.